प्यॉन पद्धतीचं कोटिंग

३ फेब्रुवारी २०१४, सोमवार. चांगवॉन, दक्षिण कोरिया.

चांद्र नववर्षाची सुट्टी संपली. वजन तीन किलो वाढलं. दोष सासूबाईंचा. त्या समोरच्याचा वाडगा रिकामा दिसू देत नाहीत. उद्यापासून जेवण निम्मं, सकाळी चालणं, आणि रोज ही वही.

मुख्य बातमी वेगळीच. सकाळी बोंग साहेबांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, सगळ्यांना बोलावलं. सगळे म्हणजे आठ जण. हेलिकॉप्टरची इंजिनं बनवणाऱ्या मोठ्या कंपनीला टर्बाइनच्या पात्यांवर उष्णतारोधक कोटिंग करून देणारा छोटा कारखाना हवा आहे. आम्ही आजवर कागदगिरण्यांचे रोलर आणि पंपांचे दांडे कोटिंग करत आलो. हे काम मिळालं तर दहा वर्षांची चिंता मिटली. नाही मिळालं तर, साहेब म्हणाले, कागद तरी हल्ली कोण वापरतंय. आणि माझ्याकडे पाहिलं.

साहजिकच. तांत्रिक विभागाचा प्रमुख मी. विभागात मी आणि नामगुंगबाई.

कंपनीनं पात्याच्याच धातूच्या, नाण्याएवढ्या चकत्यांचे चार संच पाठवलेत. त्यांच्यावर झिर्कोनिया या उष्णता अडवणाऱ्या सिरॅमिकचा थर द्यायचा, मग भट्टी. पन्नास मिनिटं अकराशे अंशांत, दहा मिनिटं पंख्याखाली, हा एक फेरा. असे पाचशे फेरे थर न सुटता टिकला पाहिजे. चार संच म्हणजे चार संधी. मला एक पुरेल. उरलेले तीन परत करताना काय बोलायचं तेही ठरवलंय. नम्रपणे बोलायचं.

जाता जाता साहेब म्हणाले की वरची संचालकांची खोली रिकामीच आहे. सध्या तिथे खोकी ठेवतात. खोकी कुठे हलवायची ते संध्याकाळपर्यंत ठरवलं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चालायला गेलो नाही. थंडी. शिवाय डोक्यात काम.

सिद्धांत तयार. थंडीत माणूस जाड जाकीट घालतो, पातळ नाही. उष्णतेचंही तेच. लोक पाव मिलिमीटर थर देतात कारण त्यांच्यात धाडस नाही. आपण पाऊण मिलिमीटरच्या वर जायचं. याला मी माझ्याच आडनावावरून प्यॉन पद्धत असं नाव दिलंय.

नामगुंगबाईंना सांगितलं. बाई एकोणसाठ वर्षांच्या, तीस वर्षं कोटिंग फवारायची प्लाझ्मा गन चालवतायत. मार्चअखेर निवृत्त होणार. त्यांचं म्हणणं पडलं की जाड थर स्वतःच्याच ताणानं सुटतो. आणि दुसरं, ग्रिट बदलायला हवं. कोटिंगआधी धातूवर ग्रिटच्या दाण्यांचा मारा करून तो खडबडीत करतात, म्हणजे थराला धरायला जागा मिळते. बाई म्हणतात, आपले दाणे झिजून गोटे झालेत.

आता ग्रिट चाळून पुन्हा पुन्हा वापरायची योजना माझी आहे. २००९ साली तिच्यासाठी मला मानफलक मिळाला. तो माझ्या टेबलामागे लावलाय. मी फलकाकडे बोट दाखवलं. बाई गन उचलून गेल्या. वाद घालावा कसा हे त्यांनी माझ्याकडून शिकण्यासारखं आहे.

दुपारी दोन वाजता पहिला संच भट्टीत.

७ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळी ९.१०

एकोणिसाव्या फेऱ्याला सुटला. अख्खा थर एका तुकड्यात, बशीसारखा. खालचा धातू लख्ख.

बशी मात्र अप्रतिम. एवढा अखंड तुकडा मी आजवर पाहिला नव्हता. म्हणजे कोटिंग उत्तम आहे, फक्त ते चकतीवर नाही. टेबलावर पेपरवेट म्हणून ठेवलाय.

१० फेब्रुवारी, सोमवार

कारण सापडलं. रेडिओ. शेजारच्या खोलीत लेथवाले दिवसभर जुनी गाणी लावतात, त्यांच्यात ढोल असतो, ढोलाची कंपनं जमिनीतून येतात. रेडिओ बंद करायचा आदेश काढला. लेथवाल्यांनी माझ्याशी बोलणं बंद केलं. शांततेत काम चांगलं होईल.

बाईंचा मान राखायचा म्हणून थर थोडा कमी केला. पाऊण मिलिमीटरच्या जरा आत. मोठ्या मनाचा माणूस असं करतो.

जेवण निम्मं करायचं राहून जातंय. कँटीनमध्ये आज डुकराच्या हाडांचं सूप होतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

एक्केचाळीस. दुसरा संच एक्केचाळीस फेरे टिकला.

एकोणीसवरून एक्केचाळीस, म्हणजे दुपटीहून जास्त. कागदावर मांडलं. तिसरा संच अठ्ठ्याऐंशी, चौथा एकशे नव्वद, पाचवा चारशे दहा, सहावा जवळजवळ नऊशे. अडचण एवढीच की संच चार आहेत. साहेबांना आलेख दाखवला. आलेखाच्या टोकाला मी हेलिकॉप्टर काढलं होतं. साहेबांनी तो बघून विचारलं की राहिलेले दोन संच सुरक्षित ठिकाणी आहेत ना. अशा लोकांना आलेख कळत नाहीत.

१६ फेब्रुवारी, रविवार

घरी स्वस्थ बसवेना. आमच्या हेवॉनच्या आईचं, म्हणजे बायकोचं, नूडल्स करायचं पिवळं भांडं काल कारखान्यात नेलं होतं. आतून झिर्कोनियाचा थर दिला, चांगला जाड. बाहेरच्या जगाला पात्यांचं कौतुक कळत नाही, भांड्याचं कळतं. बायकोला भेट दिली. ती म्हणाली, अहो, मी भांडं शोधत होते. आनंद व्यक्त करायची तिची पद्धत आहे.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज विधी. नवीन काम सुरू करताना यंत्रापुढे डुकराचं डोकं मांडतात, ते राहून गेलं होतं. साऱ्या अपयशाचं मूळ तेच असावं. मी विज्ञानवादी आहे, पण कोणताही घटक वगळायचा नाही हेच विज्ञान.

बाजारातून हसरं डोकं आणलं. डोकं निवडताना चेहऱ्यावर हसू पाहावं लागतं, इतरांना ते जमत नाही. माक्कॉली, म्हणजे तांदळाची दारू, ओतली, सगळ्यांनी वाकून नमस्कार केला. मी तिसऱ्या संचाच्या चकत्या डोक्याच्या अगदी पुढ्यात मांडल्या आणि एकेक हातात घेऊन सगळ्यांना स्पर्श करायला दिली. एकजूट वाटली पाहिजे. लेथवालेसुद्धा आले, डुकरासाठी.

नामगुंगबाई म्हणत होत्या की चकत्यांना पुन्हा ग्रिट मारून धुऊन घेऊ, तेल लागलंय. मी म्हटलं, आशीर्वाद धुऊन टाकायचा असतो का. लगेच कोटिंग करायला लावलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सात.

सायंकाळी ५

भट्टीचे फेरे मोजणारा काटा थकला असण्याची शक्यता आहे. दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्यानं तपासलं. म्हणाला काटा ठीक आहे. मग माझ्याकडे पाहून म्हणाला की तुम्ही जरा घरी जाऊन पडा.

२२ फेब्रुवारी, शनिवार

सासूबाई मासानहून आल्या. हेवॉनच्या आईनं नव्या भांड्यात नूडल्स केले. मी मुद्दाम सासूबाईंसमोर झिर्कोनिया म्हणजे काय ते सांगत होतो, की यावर हेलिकॉप्टर चालतात, तेव्हा त्यांनी दुसऱ्या घासालाच डोळे मिटले. मला वाटलं चव आवडली.

अंड्याचं कवच लागलं म्हणाल्या. कवच नव्हतं. थराचा तुकडा होता. भांडं ॲल्युमिनियमचं, गरम झालं की फार पसरतं, थर बिचारा एवढा कसा पसरणार. चूक भांड्याची.

सासूबाईंची दाढ फुटली. गेल्या वर्षीच बसवलेली नवी दाढ, आणि गंमत म्हणजे ती दाढही झिर्कोनियाचीच. दंतवैद्य तेच वापरतात. म्हणजे झिर्कोनियावर झिर्कोनिया आपटलं आणि माझं टिकलं, त्यांचं फुटलं. तुकडा मी धुऊन भिंगाखाली पाहिला. एकही चीर नाही. ही चाचणी कोणत्याही प्रयोगशाळेत करता आली नसती. सासूबाईंना हे समजावून सांगितलं.

त्या संध्याकाळच्या बसनं परत गेल्या. जाताना एकच वाक्य बोलल्या, हेवॉनच्या आईशी, माझ्याकडे न बघता: "जावईबापूंना सांग, दंतवैद्याकडे मला तेच घेऊन जातील."

२४ फेब्रुवारी, सोमवार

बोंग साहेबांनी खोलीत बोलावलं. एक संच उरलाय. कंपनीचे तपासनीस ह्वांगबो साहेब अठ्ठावीस मार्चला येणार. पाचशे फेऱ्यांना एकवीस दिवस लागतात, वर तीन दिवस अडीअडचणीला, म्हणजे चार मार्चला कोटिंग होऊन भट्टी सुरू झालीच पाहिजे. एक दिवस मागे-पुढे चालणार नाही. एवढं बोलून साहेबांनी विचारलं की प्यॉनसाहेब, तुमचं वय काय. मी म्हटलं चोपन्न. ते म्हणाले, लवकर निवृत्ती घेणारे लोक हल्ली डोंगरात फळबागा करतात, हवा छान असते. मी म्हटलं, मला संचालक म्हणूनही हवा मानवेल. ते खिडकीबाहेर पाहू लागले.

चौथ्या संचासाठी लेखी सूचना लिहायला घेतल्या. थर एक मिलिमीटर. अर्धवट धाडसानं आजवर नुकसान झालं.

३ मार्च, सोमवार

सूचना पूर्ण. सात पानं. नामगुंगबाईंना सही करून दिल्या. त्यांनी घडी घालून खिशात ठेवल्या.

रात्री घरी कळलं की सासूबाईंची दंतवैद्याची वेळ उद्या. मासानला. मी म्हटलं उद्या अशक्य, राष्ट्रीय महत्त्वाचं काम आहे. हेवॉनच्या आईनं ते पिवळं भांडं आणून जेवणाच्या टेबलावर माझ्यापुढे ठेवलं आणि झोपायला गेली.

४ मार्च, मंगळवार. सायं. ७

दिवसभर मासान. सासूबाई मागच्या सीटवर बसल्या आणि जाता-येता खिडकीशी बोलल्या. दंतवैद्याला मी थराची जाडी विचारली. तो म्हणाला, कुठला थर. अशा माणसाच्या हातात लोक तोंड देतात. दवाखान्यातून कारखान्यात सहा फोन केले, की मी येईपर्यंत थांबा. दर वेळी कोणीतरी म्हणालं की बाई गन चालवतायत, ऐकू येत नाही.

पाच वाजून दहा मिनिटांनी पोचलो. भट्टी पाच वाजताच सुरू झालेली. बाई हात धूत होत्या. साहेबांनीच त्यांना सांगितलं होतं, वेळ नाही, करून टाका.

ठीक. जे होईल त्याची जबाबदारी माझी नाही. तशी टिपणी लिहून तारीख टाकली: "दि. ४ मार्च रोजी मी कारखान्यात हजर नव्हतो." खाली शिक्का मारला. प्रती तीन.

५ मार्च, बुधवार. सकाळी ९

सोळा. अजून तीन फेऱ्यांत सुटेल. टिपणीची एक प्रत साहेबांच्या टेबलावर ठेवून आलो.

६ मार्च, गुरुवार. सकाळी १०

एक्केचाळीस. सुटला नाही. भिंगानं पाहिलं, कडासुद्धा शाबूत.

दुपारी ३

आमच्या विभागाची मेहनत फळाला येताना दिसते.

१० मार्च, सोमवार

एकशे छत्तीस. टिपणी साहेबांच्या टेबलावरून परत आणायला गेलो, ती त्यांनी फाइलला लावलीय.

आज कँटीनमध्ये लेथवाल्यांना प्यॉन पद्धतीची कल्पना दिली. विचार मांडणारा प्रत्यक्ष हजर असावाच लागतो असं नाही. पाया पक्का घातला की इमारत उभी राहते. नामगुंगबाई समोरच बसून मुळ्याची किमची खात होत्या. मी म्हटलं, सात पानं कामाला आली की नाही. बाई म्हणाल्या, हो, चकत्या गुंडाळायला.

त्यांचा विनोद मला नेहमीच थोडा उशिरा कळतो. हा कळला नाही.

१२ मार्च, बुधवार

भयंकर प्रकार उघडकीस. गोदामात गेलो तर ग्रिटची कोरी पंचवीस किलोची गोणी फोडलेली. माझं चाळलेलं ग्रिट पिंपात जसंच्या तसं. बाईंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या की हो, चार तारखेला नवं वापरलं. आणि थर पाव मिलिमीटरच दिला. आणि सात पानं वाचली नाहीत.

माणसाचा विश्वास कुठे ठेवायचा. मी तिथल्या तिथे सूचनाफलकावर जाहीर ताकीद लावली. एकेक मुद्दा तपशिलानं: कोरं ग्रिट, थर पाव मिलिमीटर, गनचं अंतर दहा सेंटिमीटर, चकत्या आधी तापवून घेतल्या, स्वच्छ हातमोजे, कोणालाही स्पर्श करू दिला नाही, सूचना वाचल्या नाहीत, प्रमुख गैरहजर. बाईंकडून एकेक गोष्ट विचारून घेऊन लिहिली, म्हणजे उद्या कोणी नाकारायला नको. त्यांनी सगळं व्यवस्थित सांगितलं. एके ठिकाणी मी चुकलो होतो ते दुरुस्तही केलं. सही, शिक्का, तारीख.

१७ मार्च, सोमवार

तीनशे चार.

ताकीद मागे घ्यावी का असा विचार आला. पण फलकाला काच आहे आणि किल्ली आता साहेबांकडे.

विचारांती माझं मत असं झालंय की प्यॉन पद्धतीत दोन शाखा आहेत, जाड आणि पातळ.

२५ मार्च, मंगळवार. दुपारी १

पाचशे. मी स्वतः काट्यासमोर उभा होतो. सगळे जमले. लेथवाल्यांनी रेडिओ लावला. भट्टीच्या दारातून चकत्या खाली आल्या, लालभडक, मग पंख्याखाली हळूहळू पांढऱ्या. एक कपचा उडालेला नाही. नामगुंगबाईंनी चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसत राहिल्या. तीस वर्षं रोलरना थर देत आलेल्या बाई. मी जाऊन दोन पेले पाणी प्यायलो. भट्टीजवळ हवा कोरडी असते.

वरच्या खोलीतली खोकी मोजून आलो. चौदा.

२८ मार्च, शुक्रवार

ह्वांगबो साहेब आले. चाळिशीचा, हळू बोलणारा माणूस. चकत्या पाहिल्या, कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. मग म्हणाले की कोटिंग कसं केलं त्याची तपशीलवार नोंद लागेल. बोंग साहेबांचा चेहरा पडला. आमच्याकडे नोंदी ठेवायची पद्धत नाही. नामगुंगबाईंच्या हाताला सगळं कळतं, कागदाला नाही.

तेवढ्यात ह्वांगबो साहेब फलकापाशी थांबले. माझी ताकीद त्यांनी दोनदा वाचली. मी घाईनं सांगायला गेलो की तो अंतर्गत मामला आहे. ते म्हणाले, "इतकी स्वच्छ नोंद मी या शहरात कुठल्याच छोट्या कारखान्यात पाहिली नाही. कोणी लिहिली?"

मी हात वर केला. सवयीनं.

मग त्यांनी बाईंना विचारलं की नवं ग्रिट घ्यायचं कसं ठरवलंत. बाई म्हणाल्या, "जुन्यानं घासलं की बोट घसरतं. जिथे बोट घसरतं तिथे काही टिकत नाही, साहेब. मी चार वर्षं सांगतेय." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मी फलकाकडे पाहिलं, म्हणजे मानफलकाकडे. तो आज जरा लहान वाटला. लांबून पाहिल्यामुळे.

ह्वांगबो साहेबांनी नियम समजावला. हवाई कामात ज्या रीतीनं चाचणी पार पडली ती रीत गोठवतात. त्यातलं काहीही बदलायचं नाही. बदललं की चाचणी पुन्हा पहिल्यापासून. माणूस आकाशात असतो, म्हणाले, आम्हाला नेमकं कशामुळे टिकलं ते ठाऊक नसतं, म्हणून सगळंच तसंच ठेवतो.

मी कडकडून पाठिंबा दिला. आणि आग्रह धरला की त्या गोठवलेल्या कागदावर माझं नाव आलंच पाहिजे. बोंग साहेब खोकले. ह्वांगबो साहेबांनी ताकीद आणि फाइलमधली टिपणी पुन्हा चाळली आणि म्हणाले की हो, यायलाच हवं.

१ एप्रिल, मंगळवार

काम मिळालं. बोंग साहेबांनी सगळ्यांना झणझणीत मासा खिलवला. नामगुंगबाईंची निवृत्ती रद्द, बाई आता कोटिंग विभागाच्या प्रमुख. खोकी हलवून वरची खोली त्यांना दिली. जिना चढून गुडघे दुखतात म्हणून त्या परत खाली आल्या. मी विचारलं, मग खोली? साहेब म्हणाले, खोक्यांना.

मी तांत्रिक सल्लागार. पद नवीन आहे, म्हणून त्यात काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

३ एप्रिल, गुरुवार

मंजूर कागद आला. जाड कागद, कंपनीचा शिक्का. माझं नाव पहिल्याच पानावर, ठळक. उभ्यानंच वाचलं, मग बसून वाचलं.

"पूर्वअटी. १) कोरं ग्रिट. २) चालक: नामगुंग म्यॉंग-ओक. ३) विभागप्रमुख प्यॉन ग्वांग-सू: कारखान्याबाहेर."

ह्वांगबो साहेबांना फोन केला. म्हटलं तिसरी अट ही केवळ योगायोगाची गोष्ट होती. ते फार सौजन्यानं बोलले. म्हणाले, असेलही, पण तीन संचांच्या वेळी तुम्ही हजर होतात आणि एका वेळी नव्हतात. धोका कोण पत्करणार. बदल हवा असेल तर अर्ज करा, पुन्हा पाचशे फेरे लावू, तुम्ही भट्टीशेजारी उभे राहा. मी बोंग साहेबांकडे पाहिलं. त्यांनी दोन्ही हात जोडले.

कोटिंग दर मंगळवारी.

८ एप्रिल, मंगळवार. सकाळी ११.४०

कामाचा पहिला दिवस. कारखान्यासमोरच्या नूडल्सच्या दुकानात खिडकीपाशी बसलो होतो, म्हणजे गरज पडली तर. दहा वाजता नामगुंगबाईंचा फोन. गेटवरच्या माणसानं मला पाहिलं होतं आणि म्हणून बाईंनी गन बंद ठेवली होती. आवाज नेहमीचाच, शांत. म्हणाल्या, "प्यॉनसाहेब, जेवून घ्या, मग थोडं लांब जा. पाती तापवून ठेवलीत."

जेवून घेतलं. बसमध्ये चढलो, ती निघाली जिन्हेची, जिथे लोक चेरीची फुलं बघायला जातात. फुलं बरीचशी गळून गेलीत, तरी बस भरलेली. शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईंनी संत्रं सोलून अर्धं मला दिलं आणि विचारलं की आज सुट्टी वाटतं.

म्हटलं, नाही. कामावर आहे.